पहिल्या होकाराचे प्रामाण्य

जे आपण डोळ्यांनी पाहिलेले नाही, ज्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही आणि ज्याच्याविषयी ग्वाही देणारा विश्वासू माणूसही जवळ उभा नाही, अशा परोक्ष वस्तूवर विश्वास टाकणे हे बुद्धीचे दौर्बल्य आहे, की बुद्धीचा कोणताही व्यवहार सुरू होण्यासाठीच तसा विश्वास आधी टाकावा लागतो, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी मुख्यतः वेदांच्या आणि ईश्वराच्या निमित्ताने चर्चिला. निमित्त ते असले तरी प्रश्न तेवढ्यापुरता नव्हता. तो सर्व ज्ञानाच्या मुळाशी जाणारा होता, आणि म्हणूनच आज अगदी अनपेक्षित ठिकाणी, बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या तरुणाच्या तळहातावरच्या मोबाइलमध्ये, तो पुन्हा उभा राहिलेला दिसतो. तेथे तो इंग्रजीत विचारला जातो आणि उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच मागितले जाते.

शेगावला १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि घाटावरच्या व घाटाखालच्या, दोन्ही मुलुखांतल्या मुलांना ही विद्या घराजवळ शिकण्याची सोय झाली. अशा शिकलेल्यांपैकी जे संगणकाच्या नोकरीत शिरतात, त्यांच्या कामाची यंत्रे गावात नसतात. ती मुंबईला, सिंगापूरला किंवा फ्रँकफुर्टला कोणत्या तरी वातानुकूलित दालनात रात्रंदिवस चालू असतात. सुटीत मेहकरला किंवा मोताळ्याला घरी आलेल्या अशा तरुणाला रात्री निरोप येतो की सर्व्हर अडखळला आहे. तो मोबाइलवर टर्मक्ससारखे टर्मिनल ॲप उघडतो, काळ्या पडद्यावर सर्व्हरचा पत्ता लिहितो आणि शेकडो कोसांवरच्या यंत्राला हुकूम देऊ लागतो. राजूर घाटाच्या वळणांत रेंज गेली तर जोडणी तुटू नये म्हणून मॉशसारखी युक्तीही २०१२ पासून उपलब्ध आहे: मोबाइलचे जाळे बदलले, पत्ता बदलला, तरी संभाषण जेथे थांबले होते तेथूनच पुढे चालते. अंतराचा आणि खंडाचा प्रश्न अशा रीतीने बहुतांशी सुटला आहे. सुटलेला नाही तो ओळखीचा.

कारण एखाद्या सर्व्हरकडे पहिल्यांदाच जाताना पडद्यावर एक सूचना येते. तिचा आशय असा, की समोरचे यंत्र तेच आहे याची खातरजमा करता आलेली नाही. त्याच्या किल्लीचा ठसा अमुक आहे. पुढे जायचे आहे काय? हा ठसा म्हणजे अलीकडच्या पद्धतीत ४३ अक्षरांची एक अर्थहीन दिसणारी ओळ असते. ज्याने ती ओळ सर्व्हरच्या मालकाकडून आधीच मिळवून ठेवली असेल त्याने रुजवात करून पाहावी, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात पडदा लहान, घाई मोठी आणि मूळ ओळ जवळ नाही, म्हणून बहुतेक जण ‘येस’ ही तीन अक्षरे टंकून मोकळे होतात. ज्या पद्धतीने हा प्रश्न विचारला जातो तिचे नाव एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठातला संशोधक तातू युलोनेन याने ती १९९५ साली रचली, आणि तिचे कारणही विश्वासघाताचेच होते. त्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी लपून बसून लोकांचे पासवर्ड टिपून घेतले होते, कारण तोपर्यंतच्या टेलनेटसारख्या पद्धतींत पासवर्ड उघड्या पत्रासारखा वाटेवरून जात असे. युलोनेनने पत्र लखोट्यात घातले, लखोटा असा मोहोरबंद केला की वाटेत कोणालाही तो फोडता येऊ नये. पण लखोटा ज्याच्या हाती पडणार तो खरोखर तोच आहे काय, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर कोणत्याही लखोट्यात बसणारे नव्हते. २००६ साली या पद्धतीचे जे मानक प्रसिद्ध झाले, त्यातही पहिल्या भेटीच्या वेळी किल्ली न तपासता स्वीकारण्याची मुभा ठेवली आहे, आणि सर्व यंत्रांच्या किल्ल्यांची ग्वाही देणारी सार्वत्रिक व्यवस्था अस्तित्वात नाही, हे त्याचे कारण स्पष्ट नोंदले आहे.

हा पहिला होकार अंधश्रद्धेचा म्हणावा काय? वरवर पाहता तसेच म्हणावेसे वाटते. परंतु या प्रश्नावर आपल्या दर्शनांत जी प्रदीर्घ चर्चा झाली आणि जिला प्रामाण्यवाद असे नाव आहे, ती ध्यानात घेतली म्हणजे निर्णय इतका सोपा राहत नाही. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्त्तिका’त मीमांसकांचा पक्ष मांडला तो असा, की ज्ञान उत्पन्न होते तेव्हा ते प्रमाण म्हणूनच उत्पन्न होते, त्याचे प्रामाण्य त्याच्या स्वतःतच असते, बाहेरून आणावे लागत नाही. बाहेरून येते ते अप्रामाण्य, आणि तेही दोनच वाटांनी: एक तर ज्या साधनाने ज्ञान झाले त्या साधनात दोष असल्याचे आपल्याला कळते, किंवा पहिल्या ज्ञानाला खोडून काढणारे दुसरे ज्ञान होते. असे बाधक काही पुढे येईपर्यंत ज्ञानाला प्रमाण मानून वागणे हे भोळेपण नव्हे. तेच बुद्धीचे स्वाभाविक वर्तन होय. मीमांसकांचे विशेष चातुर्य असे, की त्यांनी सिद्धतेचे ओझे होकारावरून उचलून नकारावर ठेवले.

नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते ज्ञान खरे की खोटे हे त्याच ज्ञानातून कळणे शक्य नाही. ते दुसऱ्या कशावरून तरी, आणि विशेषतः प्रवृत्तीच्या साफल्यावरून, ठरते. दुरून पाणी दिसले. जाऊन ओंजळीत घेतले, प्याले, तहान भागली, तेव्हा ते पाण्याचे ज्ञान खरे होते असे कळले. तहान भागली नाही तर ते मृगजळ. समर्थांच्या ‘दासबोधा’त ‘प्रचीत’ या शब्दाला जे स्थान आहे ते याच विचाराशी जवळचे आहे, आणि व्यवहारी मराठी मनाला हा पक्ष सहज पटण्याजोगाही आहे. परंतु परोक्ष यंत्राच्या बाबतीत हीच कसोटी नेमकी कोठे अपुरी पडते ते पाहण्यासारखे आहे. आपण आणि सर्व्हर यांच्यामध्ये एखादा कपटी मध्यस्थ बसला, तर तो आपले हुकूम अडवीत नाही. तो ते वाचून, टिपून, जसेच्या तसे खऱ्या सर्व्हरकडे पाठवतो आणि उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे आणून देतो. प्रत्येक कमांड चालते, प्रत्येक फाइल दिसते, काम पार पडते. तहान भागते, मात्र पाण्याबरोबर विषही पोटात जाते. साफल्य हे सत्याचे लक्षण खरे, पण फसवणाऱ्याचा हेतूच जेव्हा आपल्याला सफल होऊ देण्याचा असतो तेव्हा ते लक्षण साक्ष द्यायचे थांबते.

साफल्यावरून प्रामाण्य ठरवण्यातला दुसरा धोका या जिल्ह्याच्या इतिहासानेच दाखवला आहे. आज सिंदखेडराजा तालुक्यात असलेल्या साखरखेर्ड्याच्या परिसरात ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारीजखान यांची जी लढाई झाली, तिचा वाद मुळात दिल्लीच्या अधिकाराचा होता. दख्खनची सुभेदारी कोणाची, याचे उत्तर शेकडो कोसांवरच्या दरबाराने द्यायचे. आणि त्या दरबाराने मुबारीजखानाला निजामाविरुद्ध आतून फूस दिलेली, तर निजाम स्वतःलाच बादशहाचा एकनिष्ठ सेवक आणि प्रतिपक्षाला बंडखोर म्हणवीत होता. मुबारीजखान रणात पडला, आणि पुढच्या वर्षी त्याच दरबाराने निजामाची सुभेदारी मान्य करून त्याला आसफजाह हा किताब दिला. जो जिंकला तो प्रमाण ठरला. प्रामाण्यावर शिक्कामोर्तब नंतर झाले. राजकारणाला हे चालते, कारण राजकारणाला निकाल हवा असतो. ज्ञानाला मात्र हे चालत नाही, कारण यशाने अधिकार सिद्ध होतो असे एकदा मानले, की तोतयाला फक्त यशस्वी होण्याची वाट पाहायची उरते.

मग तिसरी वाट उरते ती साक्षीदाराची. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि वऱ्हाडचा कापूस त्या वाटेने मुंबईकडे जाऊ लागला, त्या काळातही व्यापाराचा पैसा बराचसा हुंडीवर चालत असे, आणि हुंडीवाल्यांनी अनोळखी माणसाचा प्रश्न मोठ्या शहाणपणाने सोडवला होता. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही वाटसरूच्या हातावर ठेवीत नसत. पेठेत ज्याची पत सर्वांना ठाऊक आहे अशा शहाच्या मार्फतच ती वटे, आणि हुंडी बनावट निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर पडे. रकमेत कोणी फेरफार करू नये म्हणून ती लिहिताना निम्मी रक्कम सांगून तिच्या दुप्पट असेही लिहीत. आजच्या संकेतस्थळांचा व्यवहार याच धर्तीवर चालतो: अमुक स्थळ तेच आहे अशी लेखी ग्वाही प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था देतात आणि आपला ब्राउझर त्या ग्वाहीवर विसंबतो. परंतु ग्वाही देणाऱ्याची ग्वाही कोण देणार? २०११ साली डिजीनोटार या नेदरलँड्समधल्या प्रमाणपत्र संस्थेतच घुसखोर शिरले, गूगलच्या नावाने खोटी प्रमाणपत्रे निघाली, इराणमधल्या लोकांची टपाले त्यांच्या आधारे हेरली गेली, आणि त्याच वर्षी ती संस्था दिवाळखोरीत निघाली. दर साक्षीमागे दुसरी साक्ष, तिच्यामागे तिसरी, या न संपणाऱ्या मालिकेला आपल्या तर्कशास्त्रात अनवस्था म्हणतात. नागार्जुनाने प्रमाण मानणाऱ्या सर्वांनाच याच दोषावरून पेचात धरले होते. नैयायिकांकडे याचे उत्तर नव्हते असे नाही. दहाव्या शतकातल्या उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त म्हटले, की संशयालाही मर्यादा असते, आणि ज्या ठिकाणी संशय स्वतःच्याच आचरणाशी विसंगत होतो तेथे तो थांबतो, भुकेच्या वेळी जेवायला बसणारा माणूस अन्नाने भूक भागते की नाही याचा संशय प्रामाणिकपणे घेऊ शकत नाही. वादाच्या शेवटी दोन्ही पक्ष असे एकमेकांच्या जवळ येतात: कोठे तरी थांबल्याशिवाय, आणि थांबताना कोणाला तरी होकार दिल्याशिवाय, माणसाला एक पाऊलही टाकता येत नाही.

तेव्हा पहिला होकार टळत नाही. मात्र त्या होकारानंतर यंत्र काय करते, हे त्या होकाराहून अधिक विचार करण्याजोगे आहे. ते त्या सर्व्हरची किल्ली एका लहानशा फाइलमध्ये, जणू दफ्तरात, नोंदवून ठेवते. आणि पुढच्या प्रत्येक भेटीत, आपण विचारले नाही तरी, समोरचा तोच आहे की नाही हे त्या नोंदीशी ताडून पाहते. ही आपल्या शास्त्रांतली प्रत्यभिज्ञा होय, ‘तोच हा देवदत्त’ अशा प्रकारची ओळख. तोंडवळ्यावरून होणारी ओळख फसवी असते, हे पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो तोतया उभा राहिला आणि १७७६ साली ज्याचा शेवट झाला, त्याच्या मागे गेलेल्या माणसांनी महाराष्ट्राला पुरेपूर शिकवले आहे. किल्लीची ओळख तोंडवळ्याची नसते. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी प्रसिद्ध केलेल्या विचारातून जे शास्त्र निघाले, त्यामुळे गुपित उघड न करता ते आपल्याजवळ आहे हे सिद्ध करता येते. नक्कल करणाऱ्याला रूप उचलता येईल, ते गुपित उचलता येत नाही. तथापि या ओळखीची मर्यादाही नीट समजून घेतली पाहिजे. समोरचा कालचाच आहे, एवढेच ती सांगते. तो चांगला आहे किंवा पहिल्या दिवशीही खरा होता, हे ती सांगत नाही.

एवढे विवेचन झाल्यावर धर्माच्या प्रश्नाकडे वळता येते. २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले, असे परंपरा सांगते. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणाऱ्या त्या दिगंबर पुरुषाला बंकटलाल अग्रवाल यांनी पाहिले, आणि दासगणूंनी १९३९ साली रचलेल्या ‘गजानन विजय’ ग्रंथाच्या एकवीस अध्यायांतून तो प्रसंग घरोघर पोहोचला. या प्रसंगातली तत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या पुरुषाजवळ ओळखीचे कोणतेही साधन नव्हते. गाव ठाऊक नाही, कुळ ठाऊक नाही, गुरूचे नाव नाही, मठाची मोहोर नाही; पुढे त्यांना जे नाव मिळाले तेही त्यांच्या मुखातल्या जपावरून लोकांनीच दिले. बंकटलालांनी दिलेला तो होकार साक्षीविना होता. पण शेगावची श्रद्धा त्या एका होकारावर उभी राहिली, असे समजणे चूक होईल. ८ सप्टेंबर १९१० रोजी महाराजांनी समाधी घेतली, तोपर्यंतची बत्तीस वर्षे लोक त्यांना पाहत होते, आणि कालच्या ओळखीशी आजचे वागणे ताडून पाहण्याची संधी गावाला रोज मिळत होती. पहिला होकार एका क्षणाचा. त्याची रुजवात मात्र बत्तीस वर्षांची.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद मूळचा वेदांच्या रक्षणासाठी उभा केलेला. वेद अपौरुषेय, म्हणजे त्याला कर्ता नाही आणि म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत, अशी त्यांची भूमिका. माणसाच्या वाणीत मात्र भ्रम, प्रमाद आणि कपट संभवतात, हे मीमांसकही मान्य करतात. मग माणसांनी बनवलेल्या, माणसांनीच चालवलेल्या यंत्राला हा सिद्धांत लावणे म्हणजे वेदाचे वस्त्र सर्व्हरला पांघरणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे; परंतु त्यामुळे सिद्धांत मोडत नाही, त्याच्यावरची जबाबदारी वाढते. ज्ञान बाधक येईपर्यंत प्रमाण, हा नियम सर्व ज्ञानाला लागू आहे; फरक एवढाच, की जेथे कर्ता माणूस आहे तेथे बाधक येण्याचा संभव अधिक, आणि म्हणून बाधकाची चाहूल घेण्याचे कर्तव्यही अधिक. साधुसंतांच्या बाबतीतही हाच भेद पाळला पाहिजे. ईश्वरावरची श्रद्धा आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या माणसावरची श्रद्धा यांना एकाच मापाने मोजणे, हे मीमांसकांनाही मान्य झाले नसते.

आणि बाधक येतो तेव्हा माणूस काय करतो, तेथेच त्याच्या श्रद्धेची जात कळते. सर्व्हरची किल्ली बदललेली आढळली की ॲप थबकते आणि मोठ्या अक्षरांत इशारा देते: या यंत्राची ओळख बदलली आहे, कोणी तरी मध्ये बसलेले असणे शक्य आहे. पुष्कळदा कारण निर्दोष असते. सर्व्हर नव्याने उभारला गेलेला असतो. परंतु कारण निर्दोष असण्याचा संभव हा कारण तपासल्याचा पर्याय नव्हे. व्यवहारात दिसते ते असे, की जुनी नोंद पुसून टाकण्याची कमांड लोकांना तोंडपाठ असते. इशारा नीट वाचण्याआधीच ती चालवली जाते आणि नव्या किल्लीला नवा होकार दिला जातो. पहिला होकार बेलाशक देणारा आणि बाधकाला पुसून टाकणारा, ही दोन माणसे सारखी वाटली तरी त्यांच्यात मोठा नैतिक भेद आहे. पहिल्याजवळ दुसरा उपाय नव्हता, दुसऱ्याजवळ होता. आणि तो उपाय कठीणही नाही: सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करावा, त्याच्याकडून नवा ठसा वेगळ्या वाटेने मिळवावा आणि दोन्ही ओळी अक्षराला अक्षर लावून पाहाव्यात. एकाच वस्तूवर अनेक प्रमाणे एकत्र येण्याला नैयायिक प्रमाणसंप्लव म्हणतात. त्याचे बळ संख्येत नसून वाटा परस्परांपासून स्वतंत्र असण्यात आहे. ज्या वाटेवर संशय आहे त्याच वाटेने आलेली दुसरी ग्वाही ही ग्वाहीच नव्हे.

हा न्याय एकाच बाजूला लागत नाही. सर्व्हरही आपल्याला पाहत नाही. मोबाइलमध्ये साठवलेली किल्ली ज्याच्या हाती, तोच त्याच्या लेखी मालक, आणि त्याला सर्वाधिकाराचे म्हणजे रूटचे दार उघडे. मोबाइल मलकापूरच्या फलाटावर हरवला आणि किल्लीला पासफ्रेजचे कुलूप नसले, तर ज्याला तो सापडेल तो आपल्याच नावाने हुकूम देईल आणि यंत्र तो निमूट पाळील. आपण कोणाला होकार देतो याची काळजी जितकी, तितकीच आपल्या नावावर दुसऱ्या कोणी होकार मिळवू नये याचीही काळजी घेणे, हे अधिकाराचे ऋण आहे.

श्रद्धा आणि विवेक यांचा झगडा आपण सहसा पहिल्या पायरीवर लावतो: विश्वास ठेवावा की ठेवू नये, एवढ्यावरच भक्त आणि बुद्धिवादी एकमेकांशी भांडतात. पहिल्या पायरीवर दोघांनाही गत्यंतर नसते. बुद्धिवादीही कोणा तरी शिक्षकावर, ग्रंथावर, यंत्रावर आधी विसंबतो आणि मग तपासायला लागतो. खरा भेद तिथून पुढे पडतो. ज्याने होकार दिला त्याने त्या होकाराची नोंद ठेवावी, प्रत्येक भेटीत ती ताडून पाहावी, विसंगती आली तर ती पुसून न टाकता तिच्यापाशी थांबावे, आणि उत्तर स्वतंत्र वाटेने शोधावे. ज्याच्या हाती अधिकार मोठा, त्याने हे सर्व अधिक काटेकोरपणे करावे. एवढे जो करतो त्याच्या पहिल्या होकाराला अंधश्रद्धा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि एवढे जो करीत नाही त्याने कितीही संशय बोलून दाखवला तरी त्याला विवेकी म्हणता येत नाही.